मातीवरचा शिक्का

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते : दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहण्याची आणि आपण आरंभिलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून जाण्याची. पहिलीचे आम्हांस कधी वाईट वाटले नाही. दुसरी मात्र दर वेळी मनाला लागते. आपण गेल्यावर येथे आपले काय उरणार, हा प्रश्न सामानाच्या पेट्यांबरोबर गावोगाव हिंडत राहतो. त्याचे उत्तर शोधावयास आम्ही लोथलला गेलो नव्हतो. अहमदाबादेस असताना एका सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब गेलो, इतकेच.

सरगवाला गावाजवळची ही सिंधुसंस्कृतीची वसाहत १९५४ साली उजेडात आली आणि १९५५ पासून एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली तिचे उत्खनन झाले. साबरमती आणि भोगावो या नद्यांमधला हा सपाट, गाळाचा मुलूख. नदी धान्य देई, व्यापाराला वाट देई आणि मधूनमधून पुराने घरे धुऊन नेई. लोकांनी कच्च्या विटांचे उंच ओटे रचले आणि त्यांवर पुन्हा संसार मांडले. २०० मीटरांहून अधिक लांबीचे, भाजक्या विटांनी बांधलेले ते प्रसिद्ध कुंड आजही उभे आहे. ती गोदी होती की तलाव, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. विटांच्या बांधणीविषयी नाहीत. उंची, रुंदी आणि लांबी यांचे १:२:४ हे प्रमाण येथून शेकडो मैलांवरील हडप्पापर्यंत आढळते. वजनांचीही तीच गोष्ट.

आमच्या कन्येने विचारले, "बाबा, इथला राजा कोण होता?" आम्ही निरुत्तर झालो. मिसरच्या खुफूचे नाव पिरॅमिडमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सिंधुसंस्कृतीच्या मात्र एकाही राजाचे नाव आपणांस ठाऊक नाही. तिची लिपीही अद्याप वाचता आलेली नाही.

तथापि येथल्या वखारीला कधीकाळी आग लागली आणि तिच्या राखेत मातीचे सुमारे ६५ शिक्के भाजून पक्के झालेले सापडले. त्यांच्या एका बाजूस मुद्रेचा ठसा आहे, तर दुसऱ्या बाजूस दोरीचा, चटईचा, कापडाचा माग. कोणीतरी गाठोडे बांधले, गाठ तपासली, तीवर ओली माती दाबली आणि मुद्रा उठविली. माल जळाला, मालकाचे नाव बुडाले. गाठ नीट बांधली होती, एवढी साक्ष मात्र राहिली. तो कारकून आम्हांस फार जवळचा वाटला.

इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास या नगरांना उतरती कळा लागली. लोक नाहीसे झाले नाहीत. त्यांनी बिऱ्हाडे हलविली. या संस्कृतीच्या उत्तरकाळाच्या खुणा आपल्या नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादलाही मिळाल्या आहेत. ते वाचल्यापासून परमुलुखातील आमचे वास्तव्य आम्हांस पूर्वीइतके एकाकी वाटत नाही.

पुढे आमची बदली झाली. कार्यभार सोपविण्याच्या आदल्या रात्री आम्ही जडसंग्रहाची नोंदवही पुन्हा एकदा पहिल्या पानापासून तपासली. सौभाग्यवतींनी विचारले, "आता हे कोण पाहणार आहे?" आम्ही म्हटले, "उद्या येणारा पाहील."