पोर्शन मार्क ए

‘पोलिसांनी माझ्या जबाबात असे का लिहिले, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ सेशन्स कोर्टात चार दिवस बसलं की हे वाक्य पाठ होतं. साक्षीदाराच्या तोंडून ते आलं की नवखा वकील गड जिंकल्यासारखा खाली बसतो. मीही बसलो होतो.

खुनाचा खटला होता. साक्षीदार कोर्टात म्हणाला, आरोपीला कुऱ्हाड मारताना मी पाहिलं. पोलिसांपुढच्या जबाबात मात्र ओरडा ऐकून तो धावला, तेव्हा माणूस आधीच पडलेला. कलम १४५ प्रमाणे (नव्या साक्ष अधिनियमात ते १४८ झालं) मी नेमका तेवढा मजकूर त्याला वाचून दाखवला. त्याने कानांवर हात ठेवले. मजकुराला कंस पडला, ‘पोर्शन मार्क ए’.

आठ महिन्यांनी तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला. मी तासभर त्याच्याशी पंचनामा, लाखेचं सील, घटनास्थळाचा नकाशा यांवर हुज्जत घातली आणि ‘ए’बद्दल विचारायचंच विसरलो. युक्तिवादात सरकारी वकिलांनी शांतपणे बोट ठेवलं: विसंगती शाबीत कुठे आहे? बरोबरच होतं. तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे; त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते. ‘त्याने सांगितलं तसंच मी लिहिलं’ असं लिहिणारा शपथेवर म्हणेपर्यंत कागद मुका. अंमलदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज दिला, नामंजूर झाला. सीनियर एवढंच म्हणाले, “अरे, व्यवहार केलास आणि पावती घेतली नाहीस.”

साक्षीदार खोटा पाडायचा म्हणजे त्याच्यावर ओरडायचं, त्याची अब्रू काढायची, असं सिनेमा पाहून वाटतं. प्रत्यक्षात चारित्र्यावरच्या प्रश्नालाही कायद्याने सबळ कारण लागतं. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या ‘अनैतिक’पणाचा पुरावा देऊ देणारं पोटकलम २००२च्या दुरुस्ती कायद्याने गेलं. त्याआधीचे काही प्रश्न मी कानांनी ऐकलेत. इथे लिहिणार नाही. त्यातून सत्य बाहेर आलेलं मात्र आठवत नाही.

कंटाळवाणं कामच साक्षीदाराला उघडं पाडतं: दोन जबाब शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावणं. त्यातही प्रत्येक गाळलेली गोष्ट विसंगती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तहसीलदार सिंगच्या खटल्यात १९५९ मध्येच सांगितलंय. शर्टाचा रंग सांगायचा राहिला, तर राहू द्या. वार पाहिल्याचं सांगायचं राहिलं, तर सोडू नका.

हल्ली माझ्या प्रत्येक ब्रीफच्या पहिल्या पानावर लाल शाईने दोनच शब्द असतात: ‘ए विचारला?’