मोत्या आत आला का?

वीकएंडला शिवनेरी पाहून झाला, की जुन्नर-ओतूरकडच्या एखाद्या शेतवस्तीवर मुक्काम टाका. अंगणात दोन-तीन कुत्री असणारच. जात विचारू नका. अर्धी गावठी, अर्धी कुणा फार्महाउसवरच्या अल्सेशियनची! पाहुण्यावर ती मनसोक्त भुंकतात. पण उसात बिबट्या असला, की भुंकण्याचा सूरच बदलतो; कधी एकदम चिडीचूप, शेपूट पायात. वस्तीवरची आजी तेवढ्यावरून पोरांना आत बोलावते. धरणांमुळे कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालू लागली. आणि कुत्रं म्हणजे त्याची सोपी शिकार. म्हणून काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा दिसतो. दिवे लागले, की राखणदारच घरात, पोरांच्या गोधडीपाशी. तुम्हीही अंगणात खाट मागू नका.