पंख्यातले घरटे

शिकागोतील जानेवारी. पंधरा दिवस उभ्या असलेल्या गाडीतील हीटरचा पंखा फिरेना. काचेवरचे धुके हटणार कसे? सकाळी तर सासूबाईंना रुग्णालयात न्यायचे होते.

जावयाने फ्यूज बदलला. तोही तत्क्षणी उडाला. रेझिस्टर गेला असता, तर पंखा निदान सर्वांत वरच्या वेगावर फिरला असता.

"जावईबापू, आता तिसरा घालू नका. मोटर अडकली की जास्त वीज खेचते," सासरे म्हणाले.

डॅशबोर्डच्या कप्प्याखालचे स्क्रू काढून मोटर उतरवली. पात्यांत एअर फिल्टरच्या चिंध्यांचे घरटे होते आणि त्यात उंदराची चार पिल्ले, जिवंत!

सासऱ्यांनी ते अलगद खोक्यात ठेवून गॅरेजच्या कोपऱ्यात नेले. सकाळी शेजाऱ्यांची गाडी मागावी लागली. निघताना खोक्यात पाहिले, तर पिल्ले तीनच. आई एकेक हलवीत होती.