पूर्वसमुद्राची बाराखडी

कोकणात जन्मलेल्या माणसाला समुद्र नव्याने शिकावा लागेल, ही कल्पनाच मुळी अपमानास्पद वाटते. चेन्नईस बदली झाल्याचा हुकूम हाती पडला तेव्हा भाषा, जेवण, घामट हवा आणि मुलाची शाळा या चार गोष्टींची चिंता आम्ही यथाक्रम केली. परंतु समुद्राची चिंता करावी असे काही मनातही आले नाही. उलट, वडिलांच्या वेळची गरी आणि दोरी ट्रंकेत तळाशी घालताना, परमुलुखात निदान एक तरी ओळखीचा सोयरा भेटणार, याचेच समाधान वाटत होते.

आमच्या लहानपणी देवगडच्या खडकांवर गरवायला जाण्याचे शिक्षण वडिलांनी दिले, ते पंचांगासकट. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पाणी चढू लागले की मासा खडकांत येतो, म्हणून त्याआधी घटकाभर जाऊन बसावे. पश्चिम किनाऱ्यावर हे शास्त्र खोटे पडत नाही. कारण तेथे भरती-ओहोटीचेच राज्य आहे. मुंबईस मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते आणि उतरते. एवढा पसारा रोज दोनदा हलतो तेव्हा माशाने तरी दुसरे वेळापत्रक कोठून आणावे?

हे शास्त्र घेऊन आम्ही बेझंटनगरच्या वाळूत उभे राहिलो. पहिल्या वर्षाच्या ऑगस्टात ओळीने सात दिवस तिथीची पाऊणपट केली, आणि सातही दिवस आमिष तेवढे भिजवून घरी परतलो. पुढे कळले ते असे की, चेन्नईस मोठ्या उधाणालाही पाणी जेमतेम एक-सव्वा मीटर चढते. ज्या राजाच्या जोरावर आम्ही निघालो होतो, त्याचा अंमल येथे नावापुरताच होता.

मग येथे राज्य कोणाचे? वाऱ्याचे आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाचे. येथील कोळी दक्षिणेकडून उत्तरेस जाणाऱ्या प्रवाहाला ‘तेंडी’ म्हणतात आणि उत्तरेकडून दक्षिणेस येणाऱ्याला ‘वन्नी’. नैर्ऋत्य मोसमाच्या दिवसांत तेंडीचा जोर. पुढे ईशान्येचा वारा सुटला की वन्नीचा. ही केवळ कोळ्यांची परिभाषा नव्हे, या शहराचा भूगोलच तिने लिहिला आहे. 1875 नंतर येथे बंदराचे बांध समुद्रात शिरू लागले आणि दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली. दक्षिणेला वाळू साठत जाऊन आजची विस्तीर्ण मरीना झाली, आणि उत्तरेला रायपुरमकडे वाळूची आवक तुटून समुद्र जमीन खाऊ लागला. तेथे आज दगड रचून किनारा धरून ठेवावा लागतो. या वाळवंटाला ‘मरीना’ हे नाव देणारे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या, साताऱ्याच्या ग्रँट डफचे चिरंजीव! साताऱ्याचा धागा असा मद्रासच्या वाळूत निघावा, याची बदलीवरच्या माणसाला किती गंमत वाटते, ते वाचकांना निराळे सांगावयास नको.

ऋतूंचेही तसेच. आपल्याकडे साधारणतः 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र शांत करून होड्या लोटावयाच्या. येथे बंदीचे 61 दिवस 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत. म्हणजे आपल्याकडे होड्या वर ओढून शाकारून होतात न होतात तोच येथले नांगर उचलले जातात. आपल्या घरांच्या कौलांवर कोसळणारा तोच मोसमी वारा सह्याद्रीवर आपले पाणी टाकून, कोरडा होऊन, येथे पश्चिमेकडून जमिनीवरून येतो. आडि महिन्यातल्या वाऱ्यात जातेवरवंटेही उडतात, अशा अर्थाची म्हण तमिळमध्ये आहे. पण हा वारा किनाऱ्याच्या पाठीकडून येत असल्यामुळे सकाळच्या प्रहरी काठचे पाणी निजल्यासारखे असते. दुपारी समुद्रावरचा वारा फिरला की तेच पाणी उठून बसते. खरा पाऊस येथे दिवाळीच्या सुमारास.

आणखी एक नवल असे की, ऐन उकाड्यात पाणी गार लागते. किनाऱ्याला समांतर वाहणारा नैर्ऋत्येचा वारा वरचे तापलेले पाणी आत लोटतो आणि तळचे थंड पाणी त्याच्या जागी वर येते. त्याबरोबर तळातले सत्त्वही वर येते. त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यामागे तारली येते, आणि तारलीमागे सुरमई, जिला येथे वंजरम म्हणतात. 18 ऑगस्ट 2019 च्या रात्री याच किनाऱ्यावर लाटा निळ्या उजेडाने पेटल्या होत्या. तो ‘नॉक्टिल्यूका’ नावाच्या सूक्ष्म जीवांचा खेळ. शहर तो पाहावयास लोटले. परंतु हे जीव फार माजले की माशांचेच अन्न खातात, म्हणून गरी टाकणाऱ्याने त्या शोभेला फारसे भुलू नये.

हे सारे आज आम्ही ऐटीत सांगत आहोत. पण ते आम्हांस शिकविले कोणी, आणि कोणत्या प्रसंगी, ते सांगितले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

गेल्या वर्षाच्या श्रावण शुद्ध द्वादशीची गोष्ट. आडि सरत आला होता. बारांची पाऊणपट नऊ. जुनी खोड कोठली जायला! सकाळी साडेआठाला, दहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन, आम्ही ऊरूर कुप्पमच्या बाजूला, अड्यार नदीच्या मुखाकडे गेलो. लाटा दोन्ही अंगांना पांढऱ्या फुटत होत्या. मध्ये मात्र दहा-पंधरा हातांची एक पट्टी गुळगुळीत, काळसर आणि शांत होती. तेथे कमरेइतक्या पाण्यात उतरून पलीकडे गरी फेकावी, असा बेत केला. देवगडला वाढलेल्या माणसाला शांत पाणी कोठे आहे ते कोणी दाखवावे लागत नाही! आम्ही गुडघ्यापर्यंत उतरलो, मूल मागोमाग.

तोच होडीच्या सावलीत जाळे विणीत बसलेला एक म्हातारा कोळी ओरडत धावून आला. त्याने आधी मुलाचे मनगट धरले आणि मग आमच्याकडे पाहिले.

“सार, तेथे नको!”

आमच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, काहीशा घुश्शाने, आम्ही म्हटले, “ऐया, तेथेच तर पाणी शांत आहे. आम्हीही समुद्राकाठचेच आहोत.”

म्हातारा वाद घालीत बसला नाही. वाळूत पडलेले नारळाचे एक सोडण उचलून त्याने त्या शांत पट्टीत फेकले. क्षणभर ते जागच्या जागी डुलले. आणि मग, कोणी दोरीने ओढावे तसे, फुटत्या लाटांच्या मधून सरळ आत निघाले. आमचे मूल मोठ्याने आकडे मोजीत होते. साठ होण्याच्या आत ते लाटांच्या पलीकडे ठिपक्याएवढे झाले होते.

“लाटांनी आणलेले पाणी परत कोठून जाणार, सार?” म्हातारा म्हणाला. “हाच त्याचा दरवाजा. म्हणून येथे लाट फुटत नाही. मासा दरवाजाच्या कडेला उभा असतो हे खरे. पण माणसाने वाळूवर उभे राहून कडेला गरी टाकावी. दरवाजात उभे राहू नये.”

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते. मुलाचा हात धरला तेव्हा आपलाच हात कापतो आहे, असे ध्यानात आले. घरी जाताना वाटेत श्मिटचे स्मारक लागते. 1930 साली दुसऱ्याला वाचविताना याच पाण्यात बुडालेल्या डॅनिश गृहस्थाचे ते पांढरे स्मारक. इतके दिवस ते आम्हांस केवळ फिरायला येण्याची खूण वाटे. त्या दिवशी प्रथमच आम्ही तेथे थांबलो.

1873 साली ‘रॉड इन इंडिया’ हे भारतातील गळाच्या मासेमारीचे पुस्तक लिहिणारे हेन्री सलिव्हन थॉमस हे मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी. म्हणजे आपल्यासारखेच घरापासून दूर बदलीवर आलेले. परमुलुखातल्या पाण्याशी ओळख करून घेतल्यावाचून असे पुस्तक लिहून होत नाही. आपण मात्र बदलीच्या गावी जातो ते बहुधा उत्तरे बरोबर घेऊनच. तेथली भाजी, तेथला पाऊस, तेथली माणसे, सारे आपल्या गावच्या मापाने मोजतो, आणि माप चुकले की गावाला नावे ठेवतो. आमचे माप चुकले त्याची किंमत पोराने मोजावयाची, एवढेच काय ते राहिले होते.

तीन दिवसांनी नारळी पौर्णिमा आली. आम्ही वाळूवर उभे राहून, दरवाजाच्या कडेला, गरी टाकली. एक बेताचा जिताडा लागला. येथे त्याला कोडुवा म्हणतात. म्हाताऱ्याला तो दिला, आणि सोबत आणलेला सोनेरी कागदाचा नारळ दाखविला. त्याला नवल वाटले.

“समुद्र तर दोन महिन्यांपूर्वीच उघडला, सार. आता कशाला?”

“आमच्या गावचा आज उघडतो,” आम्ही म्हटले.

म्हाताऱ्याने जरा विचार केला. दर वर्षी आम्ही नारळ फुटत्या लाटेत टाकीत असू आणि लाट तो मुकाट्याने आमच्या पायांशी आणून ठेवी. मूल हसे, आणि आमच्या मनाला उगीच रुखरुख लागे. म्हाताऱ्याने त्या शांत पट्टीकडे बोट केले.

“मग येथे टाका.”

मुलाने नारळ टाकला. या खेपेस तो परत आला नाही.