तोंडात तीळ न भिजणारी

लाल अंग, उलट्या थेंबाचा आकार, कपाळाच्या मधोमध गोल टिकली आणि उभं राहायला फक्त एक टोक. नाव पिन. व्हॉट्सॲपवर ‘पिन पाठव’ म्हणतात, इन्स्टाग्रामवर ‘लोकेशन टाक’ म्हणतात, बाई एकच. जन्म २००५चा, गुगल मॅप्सच्या घरातला. येन्स रासमुसेन या डॅनिश माणसाने तिला हे रूप दिलं. खालची जागा झाकली जाऊ नये आणि नेमकं ठिकाण तेवढं कळावं, म्हणून अंग वर आणि टोक खाली. काही झाकायचं नाही, हे तिच्या घडणीतच आहे.

वय विशीतलं, पण ओळखी अफाट. ती लग्नाच्या हॉलचा रस्ता दाखवते, मुलुंडच्या कुठल्या गल्लीत कुठलं क्लिनिक ते सांगते, पार्सलवाल्याला बिल्डिंगपर्यंत आणून सोडते (नेमकं मागच्या, कुलूप लावलेल्या गेटवर). मनाची वाईट नाही. फक्त तोंडात तीळ भिजत नाही. उपनगरांत राहून निसर्गाचे फोटो काढणाऱ्या माणसाचं हिच्यावाचून पानही हलत नाही, आणि हिच्यापायीच त्याच्या जिवाला घोर लागतो.

निसर्ग छायाचित्रकार म्हणजे रविवारी पहाटे महागडी लेन्स खांद्यावर टाकून निघालेला सुखवस्तू गृहस्थ, असा समज आहे. पुष्कळांच्या बाबतीत तो खराही आहे. पण बोरिवली-मुलुंडच्या दोन खोल्यांतून याच कामावर घर चालवणारेही आहेत. नुसते फोटो विकून त्यांचं भागत नाही. पैसे येतात ते सकाळच्या नेचर ट्रेलमधून, कॅमेरा शिकवण्याच्या वर्गांतून, शाळेतल्या स्लाइड शोमधून, एखाद्या पतपेढीच्या कॅलेंडरमधून. या गिऱ्हाइकांना फोटोग्राफरचं नाव ठाऊक नसतं. ती मोबाइलवर शोधतात, ‘नॅशनल पार्क बोरिवली पक्षी’ किंवा ‘मुंबईत फ्लेमिंगो कुठे दिसतात’. शोधात जागेचं नाव असतंच असतं, आणि जागेचं नाव म्हटलं की पिन पुढे सरसावते.

गुगल फोटोकडे बघतो, पण फोटोच्या भोवती काय लिहिलंय ते जास्त मन लावून वाचतो. फाइलचं नाव, खालची ओळ, पानावरचा मजकूर, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइलने वाचून दाखवावी म्हणून फोटोच्या मागे लिहून ठेवलेली वर्णनाची ओळ, म्हणजे ‘ऑल्ट टेक्स्ट’. कॅमेऱ्याने ठेवलेल्या ‘डीएससी_४८२१’ या नावानिशी फोटो चढवला, तर तो कितीही देखणा असो, शोधणाऱ्याच्या लेखी नसल्यासारखाच. त्याला ‘हळद्या, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली’ म्हटलं की तो सापडायला लागतो. मराठीत लिहिलं तर दुधात साखर, कारण रात्री साडेनऊला कुणाची तरी आई ‘खंड्या पक्षी माहिती मराठी’ शोधत बसलेली असते. प्रकल्प उद्या द्यायचा असतो आणि चिरंजीवांनी तो आत्ता सांगितलेला असतो. इन्स्टाग्रामवर पिन लावली की फोटो त्या जागेच्या सामाईक पानावर जाऊन बसतो, तिथे चक्कर टाकणाऱ्या अनोळखी माणसांच्या नजरेला पडतो, आणि त्यातलाच एखादा पुढच्या रविवारच्या ट्रेलला नाव नोंदवतो. लेन्सचे हप्ते हिने फेडलेत, असं कुणी म्हणालं तर मी हसणार नाही.

पावसाळा लागला की मात्र हिचा हाच गुण नडतो.

जूनच्या सुमाराला कोकणात आणि मुंबईच्या अवतीभवतीच्या रानात तिबोटी खंड्या येतो. कुठे, ते इथे लिहीत नाही. पिनेवरच्या लेखाने तेवढं पथ्य पाळावं. चिमणीहून लहान पक्षी, चोच लाल-केशरी, पोट पिवळं, डोक्यावर जांभळट झाक, पाठ काळी-निळी. रायगड जिल्ह्याने त्याला आपला जिल्हापक्षी केलं आहे. याचं घरटं झाडावर नसतं. ओढ्याकाठच्या किंवा पायवाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत तो आडवं बीळ कोरतो. पिल्लं निघाली की आईबाप दिवसभर सापसुरळ्या, कोळी, छोटे खेकडे, बेडूक आणत राहतात. आत शिरण्याआधी समोरच्या एखाद्या फांदीवर क्षणभर टेकतात, इकडेतिकडे बघतात आणि सरळ बिळात घुसतात. चोचीत आडवी सापसुरळी, मागे पावसाळी हिरवा धूसर पडदा. दर वर्षी प्रत्येकाला हवा असतो तो या क्षणाचा फोटो.

पहिला फोटो पडतो. खाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला ‘सर, लोकेशन प्लीज’. कुणी चांगुलपणाने, कुणी मोठेपणा मिळावा म्हणून इनबॉक्समध्ये पिन सोडतं. ती तिथून एका ग्रुपवर, त्या ग्रुपवरून दुसऱ्यावर. शनिवारी दरडीपुढे चार ट्रायपॉड असतात, रविवारी उभं राहायला जागा नसते. मूळची फांदी फोटोत बरी दिसत नाही म्हणून कुणीतरी शेवाळ धरलेली काठी आणून बिळासमोर खोचतो. मधे येणारं गवत ‘जरासं’ कापलं जातं. त्या कापलेल्या गवतातून बिळाचं तोंड कॅमेऱ्याला जितकं स्वच्छ दिसतं तितकंच सापालाही दिसतं. खंड्या येतो, पण खाली उतरत नाही. लांबच्या फांदीवर सापसुरळी तशीच चोचीत धरून बसतो. डोकं वर-खाली, शेपूट वर-खाली. आत पिल्लं उपाशी. बाहेर मंडळी खूश, कारण एरवी क्षणभरही न टिकणारा पक्षी आज हवा तेवढा वेळ देतोय. ‘काय पोज देतोय बघ!’

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणंही मोडतं. दरडीपुढच्या गर्दीतल्या कुणालाही आपण शिकारी आहोत असं वाटत नाही. निम्म्यांच्या प्रोफाइलवर ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन’ लिहिलेलं असतं.

पिनेला जाब विचारावा तर ती म्हणेल, मी काय केलं? विचारलं, सांगितलं. खरं आहे. शिवाय तिला गप्प बसवलं तरी तिची भावंडं आहेतच. एक्झिफ नावाचा तिचा एक मुखदुर्बळ भाऊ फोटोच्या फाइलमध्ये दडून असतो. शटरचा वेग, लेन्स, तारीख, वेळ हे सगळं तो टिपून ठेवतो, आणि मोबाइलवर लोकेशन चालू असलं तर अक्षांश-रेखांशही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो गळून पडतो. ‘क्वालिटी जाऊ नये’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की फाइलबरोबर शाबूत पोचतो. स्वतःच्या वेबसाइटवर मूळ फाइल चढवणाऱ्याने त्याला आधी काढून टाकलं नाही, तर कुणीही डाउनलोड करून जागा वाचू शकतं. आणि ही दोघंही नसली तरी मागचा विजेचा मनोरा, टेकडीची रेघ, नव्या टॉवरचा निळा कठडा एवढ्यावरून जागा ओळखणारे महाभाग आपल्यात आहेत. ती हुशारी त्यांनी गुन्हे अन्वेषणात खर्ची घातली असती तर बरं झालं असतं.

ही चिंता एकट्या फोटोवाल्यांची नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी लिहिलं, की दुर्मीळ प्राण्यांचा नेमका पत्ता संशोधकांनीही छापू नये. त्यांनी दिलेलं एक उदाहरण दक्षिण चीनमधल्या पालीचं आहे. १९९९मध्ये शोधनिबंधात तिची जात आणि जागा दोन्ही जाहीर झाली, तो निबंध पाळीव प्राण्यांचे व्यापारीही वाचत होते, आणि ती पाल त्या जागेवरून नाहीशी झाली. पक्ष्यांच्या नोंदींसाठी जगभर वापरली जाणारी ईबर्ड ही यंत्रणा आता संवेदनशील जातींची जागा नेमकी दाखवत नाही. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा एक चौकोन दाखवते. आपलं नॅशनल पार्क १०० चौरस किलोमीटरहून थोडंच मोठं, म्हणजे त्या चौकोनात ते जवळजवळ चार वेळा मावेल. पिनेचं टोकच बोथट करून टाकलं म्हणायचं. मला हा उपाय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. तिला मुकी करायची गरज नाही. तिने किती नेमकं बोलायचं, हे ठरवलं की पुरे.

कारण मुकी करून चालणारही नाही. मे २०२४मध्ये दुबईहून येणाऱ्या विमानाला रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचा थवा धडकला आणि घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या बाजूला तीसहून जास्त पक्षी रस्त्यांवर, आवारांत मरून पडले. तेव्हा ‘घाटकोपर’ हे नाव फोटोखाली हवंच होतं. ठाण्याच्या खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२मध्ये रामसर स्थळ असा दर्जा मिळाला. थव्यांनी गुलाबी झालेला तिथला चिखल लपवून कुणाचं भलं होणार? त्याच खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनची पिन गुगलला काय, रिक्षावाल्यांनाही पाठ आहे. भरतीच्या वेळा बघून तिथे हजार माणसं फोटो काढोत. पक्षी चिखलावर लांब, माणसं काठावर, मधे खाजण.

गोरेगावच्या आरेचं तर याहून ठळक. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि त्या आधी-नंतरच्या सगळ्या वादात एक प्रश्न सारखा येत राहिला, हे जंगल आहे की नाही? त्या दिवसांत बिबट्याच्या प्रत्येक फोटोखाली ‘आरे, गोरेगाव’ लिहिलेलं असणं ही साक्ष होती. पिन तिथे पंचनाम्याला हजर राहिली. पण ‘आरे’ म्हणणं वेगळं आणि ‘या वस्तीतला हा नळ’ म्हणणं वेगळं. दुसरं ऐकून टॉर्च घेऊन रात्री गाड्या येतात, आणि त्रास बिबट्याबरोबर तिथे राहणाऱ्यांनाही होतो.

नयन खानोलकरांचा तो प्रसिद्ध फोटो याच आरेतला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात तो पहिला आला. रात्रीची अरुंद गल्ली, दोन्हीकडे घरं, आणि मधून आपल्याच घरी चालल्यासारखा निघालेला बिबट्या. फ्लॅशचे दिवे गल्लीतल्या रोजच्या उजेडासारखेच वाटतील असे बसवलेले, आणि बिबट्याने चौकट व्यापून टाकू नये असा कॅमेरा ठेवलेला. त्यासाठी महिनोन्महिने वाट पाहिली. वाघोबाला मानणाऱ्या वारल्यांच्या वस्तीत बिबट्या आणि माणूस शेजारी राहतात, हे त्या फोटोला सांगायचं होतं, म्हणून जागेचं नाव आलं पाहिजे होतं आणि आलंही: आरे मिल्क कॉलनी. गल्ली कोणती ते आलं नाही, आणि त्यावाचून फोटोचं काही अडलं नाही.

आता प्रश्न पोटाचा. नेमकं बोलली नाही तर पिन गिऱ्हाईक कसं आणणार? इथे सोशल मीडिया आणि गुगल यांच्या चाली वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतलं की बराच पेच सुटतो. इन्स्टाग्राम उतावळं. आजचा फोटो आज टाका, उद्या तो शिळा. म्हणून बिळातलं पिल्लू बाहेर यायच्या आत त्याचा फोटो बाहेर येतो. शोध मात्र सावकाशीचा धनी. जुलैत काढलेला तिबोटी खंड्या ऑक्टोबरात दाखवला तर लाइक थोडे कमी पडतील. तोवर पिल्लं उडालेली असतील आणि बीळ रिकामं. उलट ‘तिबोटी खंड्या कसा ओळखावा’ असं एक नीट लिहिलेलं पान, स्वतःचे फोटो घालून, जागेच्या रकान्यात नुसतं ‘कोकण’ लिहून वेबसाइटवर ठेवलं, तर ते दर जूनमध्ये नवे वाचक घेऊन येऊ शकतं. त्यांतल्या काहींना ट्रेलला यायचं असतं. ट्रेलची पिन मात्र खुशाल लावावी, ती जागा म्हणजे तिकीट खिडकीसमोरचं गेट. घरट्याशी तिचा काही संबंध नाही. जे दहा-पंधरा वर्षं या धंद्यात टिकले आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांचं असंच चाललेलं मला दिसतं, आणि जे एका मोसमात लाखभर फॉलोअर मिळवून पुढच्या मोसमात मॉडेलिंगच्या फोटोंकडे वळले, त्यांच्याविषयी मी काय बोलणार?

जुलै २०२५पासून इन्स्टाग्रामवरच्या व्यावसायिक खात्यांच्या उघड्या पोस्ट गुगलच्या शोधात दिसायला लागल्या. म्हणजे आजवर ॲपच्या आतच बडबडणारी ही बाई आता चव्हाट्यावर आली, आणि जुनं बोललेलंही लोकांना सापडू लागलं. काही जाणती माणसं तेव्हापासून मागच्या पोस्ट उघडून घरट्यांवरच्या, घुबडांच्या ढोलींवरच्या पिना काढत बसली आहेत. घुबडांच्या तर आवर्जून, दिवाळीच्या तोंडावर अघोरी पूजेसाठी त्यांना पकडणारे असतात म्हणून. हे काम कंटाळवाणं आहे. एकेक पोस्ट उघडा, एडिट करा, जागा पुसा, ‘मुंबई’ लिहा.

तसं पुसलेल्या एका फोटोखाली परवा वाचलं.

‘सर, लोकेशन प्लीज.’

‘महाराष्ट्र.’

‘महाराष्ट्रात कुठे सर?’

‘पावसात.’

‘ओके सर. पिन पाठवा ना.’