बॅटरी मेली नव्हती

गेल्या चैत्रात अजिंठ्याची लेणी पाहायला आलेले एक कुटुंब फर्दापूरला आमच्या खळ्यावर मुक्कामाला थांबले. त्यांची गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. आत ओटा, झोपायला फळ्या, छोटा फ्रीज. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी.

रात्री दिवे मिणमिणले नि फ्रीज बंद पडला. त्यात आजीबाईंचे इन्सुलिन! आमच्या हिने मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, तीत लहान मडके बसवले आणि कुप्या कोरड्या डब्यात घालून आत ठेवल्या. वर ओले फडके. चैत्राची कोरडी हवा इथे कामी आली.

वाटेत कुणा मिस्त्रीने बॅटरी मेली म्हणून सांगितले होते. न मोजताच! मी मीटर लावला. फ्रीज चालू करून बॅटरीवर पाहिले, तर १२.४ व्होल्ट, फ्रीजपाशी जेमतेम १०. मग मधले व्होल्ट गेले कुठे? तार चाचपत गेलो. गाडीखाली अर्थची तार सांगाड्याला जोडली होती, तो बोल्ट गंजलेला, हाताला गरम लागत होता. पॉलिश कागदाने घासला, आवळला, वर व्हॅसलीन चोपडले. फ्रीज घुमू लागला.

तुमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टकटक करतो ना? दुकान गाठण्याआधी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पाहा. तारा सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. आणि जवळ विडी नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.