1440 बाय 900!

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं की पुष्कळदा एकच रड ऐकू येते: अक्षरं फताडी, चित्रं पसरट, सगळं धूसर. रुंद मॉनिटरवर 1024 बाय 768 ताणून बसवलेलं, आणि सेटिंग्जमध्ये त्याहून मोठा आकडाच नाही. लोक म्हणतात, ग्राफिक्स जुनं झालं, आता चालायचंच. नाही हो! आमच्या घरी हेच झालं, आणि कारण शोधताना जे हाती लागलं ते कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालंय मला.

मॉनिटर स्वतःची ओळख स्वतःच करून देतो, हे तुम्हाला ठाऊक होतं? त्याच्या पोटातल्या चिपमध्ये 128 बाइट्सचा मजकूर असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेनं 1994 साली ठरवलेली ही पद्धत. निळ्या टोकाच्या त्या व्हीजीए केबलमध्ये 15 पिना. लाल, हिरवा, निळा रंग येतो 1, 2, 3 वरून, आणि ओळखीचा मजकूर येतो 12 आणि 15 वरून. म्हणजे या दोन तारा केबलमध्ये नसल्या किंवा पिन वाकली, तरी चित्र दिसतंच! फक्त समोर कोण आहे ते लिनक्सला कळत नाही, मग ते जपून 1024 बाय 768 वर थांबतं. हा मजकूर लिनक्समध्ये चक्क फाईल म्हणून वाचता येतो. आमची फाईल उघडली, तर रिकामी. शून्य बाइट्स! (बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ राहून गेलं असेल तरी पडदा असाच अडकतो, ते आधी बघून घ्या.)

मग टर्मिनलमध्ये पडद्याचं मोजमाप काढून देणाऱ्या सीव्हीटी या कमांडला माझ्या पडद्याचे ठिपके 1440, ओळी 900 आणि सेकंदाला 60 वेळा, एवढंच दिलं आणि एक ओळ समोर आली: 106.50, मग 1440 1528 1672 1904, मग 900 903 909 934. किती वेळ बघत बसले मी त्या ओळीकडे! ठिपके 1440, तर 1904 कशाला? ओळी 900, तर 934 का? कारण हे मोजमाप काचेच्या नळीच्या मॉनिटरांपासून चालत आलंय. नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत उजव्या कडेला पोचला की त्याला डावीकडे परतायला वेळ लागायचा. बांधाशी औत वळवायला जागा सोडतात, तशी प्रत्येक ओळीला 464 ठिपक्यांची सवड. माझ्या सपाट पडद्यात नळी नाही, झोत नाही, तरी वळायची जागा शाबूत! आणि गणित करून बघाच: 106.50 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 10,65,00,000 ठिपके. त्याला 1904 गुणिले 934 नं भागा. 59.89! सेकंदाला साठ वेळा रंगणारा पडदा माझ्या वहीत, पेन्सिलीनं निघाला!

ती ओळ पडद्याचे मोड सांभाळणाऱ्या एक्सरँडआर या कमांडला नवा मोड म्हणून शिकवली, मॉनिटरच्या व्हीजीए-1 या जोडणीला लावली, एंटर. (वेलँडच्या सत्रात हे चालत नाही, लॉगिन करताना एक्सऑर्गचं सत्र मिळत असेल तर ते निवडायचं.) पडदा काळा झाला, आणि मग काय सांगू! रफार सुटा दिसतोय, अनुस्वार अनुस्वारासारखा, ‘क्ष’च्या गाठी मोजून घ्याव्यात इतक्या रेखीव! रीस्टार्ट केल्यावर हे सगळं विसरलं जातं, म्हणून तोच मोड ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ’ या पर्यायापुढे लिहून टाकला.

तरी राहवेना. शेजारच्या काकांकडून दुसरी केबल मागून आणली, केवळ त्या दोन पिना बोलतात का ते बघायला. फाईल उघडली: 128 बाइट्स! ईडीआयडी-डिकोड या कमांडनं वाचायला घेतल्या. बनवणाऱ्याची तीन अक्षरं, प्रत्येक पाच बिटांत दाबून बसवलेलं. कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला तेही. सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी. आणि त्याखाली मॉनिटरची स्वतःची पसंती: 106.50, 1904, 934. तेच आकडे, अगदी तेच!